आजोबांचा खून झाला

मी एक रहस्यकथा बोलतेय. माझ्या मुखपृष्ठावर सुरा आहे आणि सुऱ्यामागे पांढऱ्या साडीतलं भूत. खरं सांगते, भूत आत दोनच पानं आहे आणि तेही शेवटी मुनीम निघतं. पण मी खपले ती त्याच्याच जोरावर.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यातला. नरहररावांनी मला स्टेशनवर घेतलं आणि रायपूरला बायकोच्या, पद्मिनीबाईंच्या, हाती दिलं. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घरात मला तीस वर्षं झाली. खुनी कोण हे पद्मिनीबाईंना पाठ आहे, तरी बाराव्या प्रकरणाला त्या अजून पाय वर घेऊन बसतात. लोकांना दचकवणं हाच माझा धंदा. मलाच कुणी दचकवेल असं वाटलं नव्हतं.

त्यांची नात स्वरदा मोबाइलवर दिवसभर खून आणि भुतं बघते, पण मला हात लावत नाही. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. "मराठीत बोल नं पोट्टे, काहून हिंदी झाडून राहिली?" असं म्हणत आजी रोज मागे लागायच्या.

परवा सकाळी नरहररावांच्या छातीत दुखायला लागलं. स्वरदा त्यांना स्कूटीवरून समता कॉलनीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. जीव थाऱ्यावर नाही म्हणून पद्मिनीबाईंनी मला उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. आजीला बरं वाटावं म्हणून पोरगी त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलली.

"आजी, आजोबांचा खून झाला. आता एक्स-रे बाकी आहे."

मी हातातून निसटून पालथी पडले. पद्मिनीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनी हंबरडा फोडला. शेजारच्या लताबाईंनी धावत येऊन फोन कानाला लावला.

"काकी, खून मतलब ब्लड. जाँच के लिए दिया है," त्या म्हणाल्या.

हिंदीत रक्ताला खून म्हणतात, हे काय पद्मिनीबाईंना ठाऊक नव्हतं? पण पोरगी मराठीत बोलली होती आणि हातात मी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी नरहरराव कोपरावर कापूस धरून परतले. दुखणं पित्ताचं निघालं. पद्मिनीबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला तो सोडेचनात. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "आजपासून तू माह्याशी हिंदीतच बोल."

"हव," खाली मान घालून स्वरदा म्हणाली.

असा धक्का मी आजवर कुणाला दिला नाही. तेव्हापासून पोरीच्या तोंडून मराठीचं एक वाक्य निघालेलं नाही. मी कपाटावर पडून आहे. पद्मिनीबाईंनंतर मला वाचणारं या घरात दुसरं कोण आहे? कधी इकडे आलात तर त्यांना माझ्या वतीनं हात जोडून एवढंच सांगा, की पोरीला चुकू द्या.