पिरॅमिडखालचं पातं

पाळी संपवून खाणीतून वर आलेली काळीठिक्कर माणसं अंघोळीच्या हॉलमध्ये एकमेकांना कोपरं मारत पुढं घुसत होती. मधल्या बाकावर बोहुश बसला होता आणि खाणीतले दिवे देणाऱ्या कंदीलखोलीचा कारकून हावरानेक त्याची दाढी करत होता. पातं महिनाभर वापरलेलं. ओस्त्रावा या आमच्या खाणींच्या शहरातल्या दुकानांत तेव्हा पाती मिळत नसत; मिळाली तरी दोन दाढ्यांत गाल सोलत. हे मात्र अलगद सरकत होतं.

हावरानेकनं पातं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, तेलाचं बोट लावलं आणि पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवलं. विश्वाची शक्ती टोकातून उतरते, पोलादाला नवी धार येते, इजिप्तच्या राजांना हे ठाऊक होतं, असं तो सांगे. राजांकडं पाती कुठली, हे कुणी विचारलं नाही. त्यानं पिरॅमिड विकायला काढले आणि ते घ्यायच्या झुंबडीत बाकं उलटली.

मी त्यांच्याच पाळीतला; म्हणालो, असं पुसलेलं पातं टोपीखालीही टिकेल. बोहुशचा धाकटा भाऊ व्लास्ता यानं असा ठोसा हाणला की माझा दात हातात आला. लोक हसले.

पुढं खाणीत रुळांवरच्या कोळशाच्या डब्याखाली सापडून व्लास्ताचा हात फाटला. हावरानेकनं त्याला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. पोलाद बरं करणारी शक्ती मांस बरं करणार नाही का, म्हणाला आणि हातावर फळ्यांचा पिरॅमिड उभा केला. हात सुजला, काळा पडला, वासानं खोलीत थांबवेना. व्लास्ता बेशुद्ध झाला तेव्हा कुठं आम्ही त्याला उचलून नेलं. डॉक्टर कोत्रबोवाबाईंनी हात कोपराच्या वर कापला.

शुद्धीवर येताच त्यानं उशाशी पिरॅमिड मागितला. बाई रागावल्या नाहीत. वॉर्डातल्या माणसांना त्यांनी एकाच जातीची तीन नवी पाती रोज दाढीला वापरायला लावली आणि प्रत्येक पातं वेगळ्या तऱ्हेनं ठेवलं.

ती पाती घेऊन बाई हॉलमध्ये आल्या तेव्हा बोहुशनं हावरानेकचं नाक फोडून त्याला बाकावर दाबून धरलं होतं.

"बाई, मध्ये पडू नका. याचा गळा मला द्या."

"गळा कापलास तर उद्या हेच लोक त्याची तसबीर लावतील. त्यापेक्षा दाढी कर त्याची."

बोहुशनं एक गाल एका पात्यानं केला, दुसरा दुसऱ्यानं. एक पिरॅमिडखालचं, एक पत्र्याच्या मगाखालचं. दोन्ही पुसून, तेल लावून ठेवलेली. पिरॅमिडखालच्या पात्यानं केलेली बाजू कुठली, बाईंनी विचारलं. हावरानेकनं गाल चाचपले. उजवी म्हणाला, मग डावी. आमच्यातल्या कुणालाही फरक कळेना.

"आणि हे तिसरं," बाई म्हणाल्या, "पिरॅमिडखालीच होतं. पण ओलं."

बोहुशनं ते हिसकावून हावरानेकच्या गालावर ओढलं. गंजलेली धार कातडीत रुतली, रक्त गळ्यावर ओघळलं. बाईंनी बोहुशचं मनगट पिरगाळून पातं पाडलं.

"पुरे. पाणी धार खातं, एवढंच. तुमची पाती टिकवली ती फडक्यानं आणि तेलानं. पुठ्ठ्यानं काही केलं नाही."

पोलीस येईपर्यंत लोकांनी हावरानेकच्या बरगड्या मोडल्या. जे हात पिरॅमिड घ्यायला पुढं होते तेच आता मारायला पुढं होते, आणि दोन्ही वेळा डोकं बाजूला ठेवलेलं होतं. मारून व्लास्ताचा हात काही परत आला नाही.

म्हणून सांगतो. पातं कोरडं करून ठेवा, जखम डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी तेच काम साध्या मगाखाली करून बघा.