मागची मऊ माती

ओव्हरसियरने फीत ताणली, तशी ती गफूरच्या हौदावरून आरपार गेली. जुन्नरातली ती गल्ली रुंद होणार होती, आणि गफूरच्या आज्यापासून ज्या हौदात कागदाचा लगदा कालवला जात होता, तोच नेमका रेषेत आला होता.

"सूट मिळते," ओव्हरसियर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पण अडचण जागेची पाहिजे, मालकाच्या मर्जीची नाही. मागं एवढं परस पडलंय, तिथं खणा की हौद."

त्याच परसात गफूरचं पोर पुरलेलं होतं. जन्मल्यावर रडलंसुद्धा नव्हतं ते. तेव्हा कुकडीला पूर आलेला, पलीकडच्या कबरस्तानात जाणं अशक्य, म्हणून त्यानं एकट्यानं ते इथंच मातीआड केलं. बाळंतिणीला मात्र कबरस्तानातच नेल्याचं सांगितलं, आणि पुढं तिथला एक कोपरा दाखवला. त्याची बायको नजमुन्निसा दर सणाला त्या रिकाम्या मातीवर फुलं वाहत आली होती. खरं सांगायची गफूरची छाती कधी झाली नाही.

"मागं खडक हाय, रावसायेब," तो म्हणाला. "पहार लागत न्हाई."

"मग प्रश्नच मिटला. तसा शेरा मारतो, सूट मिळेल."

त्यानं पेन उघडलं, तोच दाराआडून नजमुन्निसा पुढं आली. सरकारी माणसापुढं खोटं बोलून नवरा अडकणार, या धास्तीनं तिचा चेहरा उतरला होता.

"खडक कुटला, सायेब? लई मऊ माती हाय. ह्यांनी मागं कवा कुदळ मारलीच न्हाई, ह्यांना काय ठावं!"

ओव्हरसियरनं फीत गुंडाळली. "मग सूट बसत नाही. दिवाळीच्या आत पुढचं मोकळं करा."

तो गेल्यावर नजमुन्निसानं लगबगीनं कुदळ आणून नवऱ्यापुढं धरली. गफूरनं हात पुढं केला नाही.

"मोडू दे हौद," तो म्हणाला. "कागद बास झाला. बाजारात हमाली करीन."

"अवो, वाडवडलांचा धंदा! आन् एक खड्डा खणायला जिवावर येतं?"

तिला रडू कोसळलं. नवऱ्याला ती कधी उलटून बोलली नव्हती, पण आज बोलली.

"आपलं पोर असतं ना, तर तुमच्या आदी त्यानं कुदळ उचलली असती."

गफूरनं मान डोलावली.

"व्हय," तो म्हणाला, "त्यानं उचलली असती."