तीन टेंगळांची करवंटी

मी करवंटी बोलतेय. नाक मुरडू नका. जी चुलीत घालून तुम्ही अंघोळीचं पाणी तापवता, ती मी नव्हे! माझ्या पाठीवर तीन टेंगळं आहेत आणि माझ्यासारखी हजारांत एखादीच निपजते.

आमच्या अम्फवा गावात कालव्याकाठी घरोघर माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, तासून त्याच्या रसाचा गूळ करतात. तासलेल्या माडाला नारळ कुठला लागायला? पण लमचियाकबाईंनी माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या बागेतल्या एका माडाला, कधी सुरी लावू दिली नाही. कारण विचारलं की बाईंची मान ताठ व्हायची. दोनशे वर्षांपूर्वीचे आमच्या देशाचे राजे, दुसरे राम महाराज, याच गावात जन्मले. राज्य सांभाळून काव्य रचायचे, आणि तीन तारांची सो साम साय घेऊन गज फिरवायला लागले की देहभान विसरायचे. तिच्या पोटाला माझ्यासारखीच करवंटी लागते. म्हणून असा माड ज्याच्या बागेत, त्याला महाराजांनी शेतसारा माफ केला होता म्हणतात. आमच्या कुळाला राजाश्रय होता, आहात कुठे!

मला निवडलं प्लुएंग कारागिराने. टिचक्या मारून, कानाशी धरून. त्याने पोट कोरलं, तोंडावर कातडं ताणलं, रेशमी तारा चढवल्या आणि बाई मला वाजवू लागल्या. तार बदलायची तर गज वळवत नाहीत, मलाच वळवतात. नवशिके नेमका गज वळवतात, मला हसू येतं. महाराजांच्या जयंतीच्या जत्रेत चाळीस वर्षं मी मिरवलेय.

मग आईला सोंड्या भुंगा लागला. शेंडा वाकला. शेवटच्या घडात तीन टेंगळांचा एकच नारळ निघाला.

प्लुएंग धावत आला. आता त्याचे हात थरथरतात. मरण्याआधी एक शेवटची सो साम साय करायची, असं त्याने कधीपासून घोकलं होतं. मीही हरखले, धाकटी बहीण माझ्या शेजारी वाजणार! बाई मात्र नारळ मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहिल्या. कोरला तर झाड नाही, रुजवला तर करवंटी नाही.

"रुजत घालते," शेवटी त्या म्हणाल्या.

प्लुएंगचा चेहरा उतरला. "ताई, फळ धरायला सात वर्षं. आणि एवढं करून बिनटेंगळांचे गोलच नारळ लागले तर? बघायला तुम्ही तरी असाल का?"

"मी नसेन. तूही नसशील. पण महाराजांचा वारसा मी जत्रेत मिरवला आणि बागेत बुडवला, असं नको व्हायला."

तो तिरीमिरीत निघून गेला. मलाही राग आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी कुदळ घेऊन हजर.

"तुमच्याने खड्डा होणार आहे का? सरका," म्हणाला आणि त्या थरथरत्या हातांनी खणू लागला. बाईंनी नारळ ठेवला, माती त्याने ओढली. माझा राग तिथंच विरघळला.

मी आता जुनी झालेय, कातडं सैल पडलंय. अजून कोंब वर यायचाय, मग माड, मग नारळ, आणि तोही तीन टेंगळांचा निघाला तर. तोवर जत्रेत महाराजांच्या नावाने कुणीतरी वाजायला हवं ना? म्हणून सांगते, मला जपून हाताळा. एवढ्यात फुटायला मला सवड नाही.