दहाव्या सुपारीचा ग्रह

मी एक जुना बटुग्रह आहे, मित्रांनो. नाव प्लूटो. तुमच्या चंद्राहूनही लहान. अंगावर बर्फ, वरवरचा तर गोठलेल्या हवेचाच. माझा रस्ता लांबट आणि बाकीच्यांपेक्षा तिरका. सूर्याभोवती एक फेरी म्हणजे तुमची जवळजवळ अडीचशे वर्षं. इथून सूर्य नुसता ठळक तारा दिसतो. खरं सांगू? या अंधाराची मला भीती वाटते. पण माझीच कुणाला भीती वाटेल, हे ध्यानीमनी नव्हतं.

१९३० साली माणसांनी मला हुडकलं. कौतुक झालं. पुढच्या उन्हाळ्यात रिठद गावात तुळसाबाईच्या लेकीचं, पंचफुलेचं लग्न होतं. हळद तोंडावर आली आणि नवरदेवाचे वडील जगदेव इंझोरीहून घाबरेघुबरे आले. शेलूबाजारात कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं: नवा ग्रह निघाला, फार दूर, अंधारात, गारठ्यात, अडीचशे वर्षांनी एक फेरी. शनीची साडेसाती माणूस कशीबशी काढतो. याच्या फेऱ्यातून जिवंत कोण सुटणार? लग्न नको, म्हणाले.

तुळसाबाई हातातलं काम टाकून पुढं आली. सोयरीक मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारतं? खांबाला धरून ती व्याह्यांना हळूच म्हणाली, "इवाई, थो आज आला का आज दिसला? तुमच्या-माह्या लग्नात बी थो तिथंच होता."

"होता," जगदेव म्हणाले, "पन तवा आपल्याले मालूम नोयतं."

शेवटी ग्रहशांतीत माझीही सुपारी मांडायची, मगच हळद, असं ठरलं. जोशीबुवांनी नऊ ग्रहांना ज्याचं त्याचं धान्य, ज्याच्या त्याच्या रंगाचं वस्त्र वाहिलं. दहाव्या सुपारीपाशी हात थांबला. पोथीत माझा रंग नाही, धान्य नाही. भलतंच वाहिलं आणि कोपला तर? जगदेव उठू लागले. मीही घाबरलो. माझ्यापायी पोरीचं लग्न मोडलं तर तोंड कुठं लपवू?

तुळसाबाई भीत-भीतच आत गेली. जुन्या घोंगडीचा तुकडा फाडून आणला, सुपारीभोवती नीट गुंडाळला, शेजारी मूठभर ज्वारी ठेवली.

"त्याले कायचा रंग, बुवा? गारठून राह्यला थो. पांघरू द्या."

जगदेव खाली बसले. पंचफुलेला हळद लागली.

पुढं शहाण्यांनी मला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. चालायचंच. पण मित्रांनो, दूरचं, अनोळखी कुणी दिसलं की भीती वाटणारच, मलाही वाटते. भीत-भीतच का होईना, त्याला थंडी वाजते का, एवढं तरी विचारा.