सदर मुलगी

तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड रूमला चार माणसं होती आणि चौघांचाही वाढदिवस एक जूनला होता. हसू नका. डोंगराकडच्या अर्ध्याअधिक माणसांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. आई पोराचा हात धरून शाळेत येते, गुरुजी विचारतात जन्म कधीचा, आई म्हणते नागली कापायच्या वेळचा. गुरुजी कपाळाला हात लावतात आणि एक जून ठोकून देतात. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचं गणित सोपं पडतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

चांगुणाचं मात्र बिघडलं. तिच्या दाखल्यावरही एक जून १९७४ होतं, आणि तिचा सगळा जीव अडकला होता तो तिच्या खऱ्या तारखेत.

खरी तारीख म्हणजे बोहाड्याची. होळीनंतर त्यांच्या गावात, हेदपाड्यात, बोहाडा व्हायचा, देवांची आणि राक्षसांची सोंगं निघायची. कुठलं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. रावणाचा मान गावितांचा, म्हणजे चांगुणाचा बाप झिपरू याचा. चौऱ्याहत्तर साली बोहाड्याच्या दिवशी दुपारीच त्याच्या बायकोला, कुसाबाईला, कळा सुरू झाल्या. बाळंतपणाच्या घरातल्या माणसानं मुखवट्याला शिवायचं नसतं, इटाळ असतो. म्हणून झिपरूनं मुखवटा उचलला, पोलीस पाटलाच्या ओट्यावर ठेवला आणि घरी येऊन बसला. दिवेलागणीला पोरगी झाली. सोंग तर चुकवता येत नाही, तेव्हा कुणीतरी ते अंगावर घेतलं असणार. कोणी, ते पाटलाला ठाऊक. आणि पाटील मरेपर्यंत बोलला नाही.

त्याच रात्री पलित्यांच्या उजेडात, सगळ्या गावासमोर, रावणानं लाकडाच्या ठेकेदाराच्या मुकादमाला कोयत्यानं तोडलं. पोलिसांनी ज्याला त्याला विचारलं, मारलं कुणी? जो तो म्हणाला, रावणानं. रावण कोण? झिपरू. खोटं कुणीच बोललं नाही, हीच तर मेख! गावानं मुखवटा पाहिला आणि नाव घेतलं मुखवट्याच्या घराचं. दुसऱ्या दिवशी कुसाबाई बाळंत झाल्याचं कळलं तेव्हा चारदोघांच्या डोक्यात उजेड पडलाही असेल, पण पाटलापुढं तोंड कोण उघडणार? सुईण भागुबाई बोलली असती, ती खटला उभा राहायच्या आत वारली. झिपरूला जन्मठेप झाली. निकालाच्या कागदावर खुनाची तारीख होती अकरा एप्रिल १९७४.

आता एवढंच सिद्ध करायचं होतं, की त्या दिवशी झिपरूच्या घरी पोरगी जन्मली. गावातल्या जन्ममरणाच्या नोंदी तेव्हा कोतवाल बुकात व्हायच्या, आणि ते बुक लिहायचा पाटीलच. कुसाबाई छातीवर हात ठेवून सांगायची, "पाचवी झाली अन् म्या पोर पाठीला बांधून पाटलाच्या दारात गेले. माझ्यासमोर लिवून घेतलं त्यानं. लिवल्याबिगर हाललेच नाय मी." पण खटल्यात सरकारी वकील म्हणाले, अशी नोंद आढळत नाही. बुक कोर्टात आलंच नाही. पाटील म्हणाला, मला आठवत नाही.

झिपरूनं वकिलाचं खरं मानलं. का मानू नये? काळा कोट घातलेला शिकलेला माणूस एका बाजूला आणि अंगठेबहाद्दर बायको दुसऱ्या बाजूला. चौदा वर्षं नाशिकरोडच्या जेलात तो एकच गोष्ट उगाळत बसला, की कुसानं नोंद केली नाही. भिऊन परत फिरली असेल आणि आता खोटं बोलते आहे. अठ्ठ्याऐंशी साली सुटून आला तेही हेच घेऊन. नंतरची नऊ वर्षं दोघं एका छपराखाली राहिली, पण भाकरी वाढतानासुद्धा त्याचं ठरलेलं, "येक गोष्ट सांगितली व्हती बाईला, तीबी झाली नाय." सत्त्याण्णव साली कुसाबाई गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं पाणी मागितलं तेव्हाही तो म्हणाला, "देतो. पर खरं सांग आता तरी, गेली व्हतीस का?" ती म्हणाली, "गेले व्हते." त्यानं मान फिरवली. चांगुणानं हे डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून तिला त्या बुकातली ती एक ओळ हवी होती. ओळ असेल तर बाप निर्दोष आणि आई खरी. नसेल तर? नसेल तर काय, हे ती मनात येऊच द्यायची नाही.

अठ्ठ्याण्णव साली तिनं पहिला अर्ज केला. तेव्हा ती नवऱ्याबरोबर, लखनबरोबर, नाशिकच्या अंबडला राहायला आली होती आणि विजेच्या स्विचगिअरच्या कारखान्यात लागली होती. बापालाही तिनं तिथंच आणलं होतं. कारखान्याला सोमवारी सुटी असायची; त्या दिवशी एसटी पकडायची आणि कचेरीत खेटे घालायचे. कोर्टात गेली तर म्हणाले, इतके जुने कागद नष्ट केले. पोलीस ठाण्यात गेली तर म्हणाले, तपासाचे कागद गोपनीय असतात. तहसीलला म्हणाले, ते बुक गुन्ह्यात जप्त होतं, त्यामुळे तेही गोपनीय. अहो, ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगून माणूस म्हातारा झाला, त्यात गोपनीय राहिलं तरी काय? हे तिनं विचारलं. उत्तर आलं, "उद्या या." उद्या म्हणजे पुढच्या आठवड्यात, कारण तिला रोज रजा कोण देणार?

अशी आठ वर्षं गेली. मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि कारखान्यातल्या युनियनच्या माणसानं तिला अर्जाचा नमुना लिहून दिला. चांगुणानं अर्ज दिला आणि तीस दिवस मोजले. तिसाव्या दिवशी पत्र आलं, 'सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित असल्याने देता येत नाही.'

ती तडक कचेरीत गेली. रेकॉर्ड रूमचे भाऊसाहेब चहा पीत होते. माणूस वाईट नव्हता, तिला ओळखायचा, बसायला स्टूलही द्यायचा. फक्त काम करायचा नाही.

"भाऊसाहेब, ही त्रयस्थ व्यक्ती कोण?"

"ज्या व्यक्तीची नोंद आहे ती. तुम्ही झिपरू भिका गावित यांच्या मुलीच्या जन्माची नोंद मागताय. ती मुलगी आता कुठं असते, तिची हरकत आहे का, हे विचारायला नको? उद्या ती आमच्यावर केस करेल."

"अहो, ती मुलगी मीच की!"

"असं तोंडी कसं चालेल, ताई? बुकात नाव नसतं. 'मुलगी' एवढंच असतं. तिची लेखी संमती आणा."

"माझीच मी संमती आणू?"

"दोन प्रतींत."

चांगुणा त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मग तिनं तिथल्याच बाकावर बसून लिहिलं, 'मी चांगुणा, मला चांगुणाला माझ्या जन्माची नोंद दाखवण्यास माझी हरकत नाही.' दोनदा लिहिलं, दोनदा सही केली, आणि ओळखीसाठी शाळेचा दाखला जोडला. भाऊसाहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि ओठ मुडपले.

"एक जून," ते म्हणाले.

"तुमची कितीची हो?"

"माझीपण एक जून. आमच्या चौघांची एक जून."

"खरी?"

"आता खरी म्हणाल तर आई सांगायची, मी दिवाळीत झालो." पलीकडच्या टेबलावरचा कारकून खो खो हसला.

"मग तुमची एक जून सरकारला चालते, आणि माझीच का खुपते?"

"माझी कुणी तपासायला मागितलेली नाही, ताई," भाऊसाहेब म्हणाले आणि शिक्का मारून पोच दिली.

लखन त्या रात्री वैतागला. "तीन सोमवार झाले, घरात एक धड काम नाही. ज्यानं चौदा वर्षं काढली तो बसलाय निवांत, आणि तू काढतेस पंधरावं." चांगुणा त्याच्यावर खेकसली खरी, पण त्याचं बोलणं तिला लागलं. म्हातारा खरोखरच निवांत होता. खोलीबाहेर पोत्यावर बसून रस्त्यावरचे टेम्पो मोजत असायचा. अर्जाचं विचारलं की म्हणायचा, "काय बी निघणार नाय. तुझ्या आयनं लिवलं आसंल तर निघंल ना!" असं बोलला की तिला वाटायचं, याच्यासाठी कशाला जीव काढायचा? आणि पुढच्या सोमवारी ती पुन्हा एसटीत बसलेली असायची. आईसाठी, दुसरं काय.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत दुसरं उत्तर घ्यायला तिला कचेरीत बोलावलं. लिफाफा भाऊसाहेबांनीच हातात ठेवला आणि म्हणाले, "नामंजूर झालाय. वाईट वाटून घेऊ नका." ती बाहेर पडली. स्टँडवर आली, बाकावर बसली आणि रडू यायच्या आत लिफाफा फोडला. वाटत होतं की वाचावं, फाडावं आणि एकदाचं सुटावं.

पत्रात लिहिलं होतं, 'आपण सादर केलेल्या शाळेच्या दाखल्यावर जन्मदिनांक ०१/०६/१९७४ असा नमूद आहे. या कार्यालयातील कोतवाल बुकात सदर मुलीचा जन्मदिनांक ११/०४/१९७४ असा असून तो जुळत नाही. सबब आपण सदर मुलगी नसल्याचे दिसून येते. त्रयस्थ व्यक्तीची माहिती आपणास देता येणार नाही.' खाली सही होती, आणि ठसठशीत गोल शिक्का.

तिनं पुन्हा वाचलं. अकरा चार चौऱ्याहत्तर. बाजूला बसलेल्या बाईला दाखवलं, "मावशी, हे काय लिहिलंय?" मावशींना वाचता येत नव्हतं. तिनं स्वतःच मोठ्यानं वाचलं. अकरा चार चौऱ्याहत्तर! ओळ होती. तेहतीस वर्षं त्या बुकात होती, पोलिसांनी बुक जप्त केलं तेव्हाही होती, सरकारी वकील 'आढळत नाही' म्हणाले तेव्हाही होती. आणि नाही देणार, नाही देणार म्हणता म्हणता मूर्खांनी तारीख स्वतःच लिहून दिली!

ती घरी न जाता नाशिकच्या मोठ्या स्टँडवर, सीबीएसला, उतरली आणि कोर्टासमोर बसणाऱ्या ॲडव्होकेट ज्योत्स्नाबाईंना गाठलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "चांगुणा, आनंद मला पण झालाय. पण केस परत उभी करायला हे पुरणार नाही. यातच लिहिलंय की तू ती मुलगी नाहीस. ती मुलगी तूच, हे आधी सिद्ध करावं लागेल."

"कशानं?"

"जन्माच्या नोंदीनं."

"ती तर ते देत नाहीत!"

"तेच तर. अपील करू. मुंबईला, माहिती आयोगाकडं जाईल. दोन वर्षं, तीन वर्षं लागतील." त्यांनी अपिलाचा कागद पुढं ओढला. "बाबांचं वय काय?"

चांगुणाचं डोकं फिरलं. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून रस्त्यात भिरकावावा असं वाटलं. कुणावर चिडायचं? भाऊसाहेबांवर? की पत्रावर सही करणाऱ्या साहेबावर, ज्याचं तिनं तोंडही पाहिलं नव्हतं? त्या गुरुजींवर, ज्यांनी चांगल्या मनानं एक जून ठोकला? अपिलाच्या कागदावर तिनं सही केली, अंगठ्यानं शाई पुसली आणि सिटी बस पकडून अंबडला आली.

म्हातारा पोत्यावर बसला होता. ती शेजारी टेकली आणि पत्र त्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. तिनं कायद्याची भाषा सोडली आणि सांगितलं, "बा, बुकात लिहिलेलं हाय. अकरा एप्रिल. झिपरू भिका गावित, मुलगी झाली. पाटलानं लिहिलं व्हतं. पोलिसांकडं व्हतं ते बुक."

"तवाच लिवलेलं?"

"तवाच. पाचवी झाल्यावर."

"मंग मी सुटलो म्हनायचं?"

"नाय, बा. अजून अपील हाय. यांचं म्हणणं, मी ती पोरगी नाय."

सुटकेच्या बोलण्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. पाचवी, मग पाटलाचं दार, पाठीला पोर. मोजता मोजता त्याचा हात थांबला.

"म्हंजी कुसा गेली व्हती," तो म्हणाला.

"गेली व्हती."

"ती मरायला टेकली व्हती तवाबी म्या इचारलं."

"इचारलंस, बा."

"गेले व्हते म्हनाली. म्या मान फिरवली." त्यानं चांगुणाच्या हातातून पत्र घेतलं. वाचता येत नसताना ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शिक्क्यावर अंगठा ठेवला. "तू सरकारला अर्ज करतीस. मी कुनाला करू, चांगुणे?"

म्हातारा तोंडावर धोतराचा सोगा घेऊन रडायला लागला, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला रडू दिलं, गप्प केलं नाही.