बिनआवाजाची पेटी

मिंकेने पांढरी पट्टी दाबली. काहीच झालं नाही. मग तिने शेजारची काळी दाबली, मग पंजाने चार-पाच पट्ट्या एकदम रेटल्या आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

"ही बिघडलेली आहे."

"बिघडलेली नाही, बाई," दुकानदार येल्मर काउंटरमागून म्हणाला. "तिला स्वतःचा आवाजच नसतो. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात दाबली, एवढं ती कम्प्युटरला सांगते. वाजायचं काम कम्प्युटरचं."

"म्हणजे नुसती चुगलखोर."

येल्मर हसला. हार्मेन, म्हणजे मिंकेचा नवरा, तिकडे टोकाच्या फळीपाशी वाकून उभा होता. चष्मा कपाळावर चढवून तो किमतीची चिठ्ठी नाक टेकवून वाचत होता. बायकोने दुकानात पाय ठेवताच मालाला नावं ठेवावीत, याची त्याला सवय होती. लेवार्डन शहरातल्या या दुकानदारालाही असावी, कारण त्याने न विचारता दोघांपुढे कॉफी ठेवली, आणि सोबत एकेकच बिस्किट.

हार्मेनने हयातभर दुधाचा टँकर चालवला आणि हयातभर गावच्या बँडमध्ये युफोनियम वाजवलं. मांडीवर बसवून फुंकायचं ते जाडजूड पितळी वाद्य. गेल्या हिवाळ्यात त्याचे पुढचे वरचे दात काढावे लागले. कवळी बसली, सफरचंद खाता येऊ लागलं, पण वाद्याच्या तोंडाशी ओठ काही धरेनात. वाद्य बँडच्या मालकीचं होतं. हार्मेनने ते घासूनपुसून लखलखीत केलं आणि एका मंगळवारी तालमीच्या वेळी परत देऊन आला. मग बँडच्या लोकांनीच तोड काढली. बँड आता फार लहान झाला होता, छापील मार्च, म्हणजे पावलांच्या तालावरच्या धुना, वाजवायला माणसं पुरत नव्हती. तेव्हा येत्या शरदातल्या स्पर्धेसाठी हार्मेननेच एक मार्च लिहावा, आहेत त्या माणसांना झेपेल असा.

लेकीने आपला जुना लॅपटॉप दिला. त्यावर हार्मेन एकेक सूर माउसने टिपायचा. सकाळी बसला की जेवणापर्यंत एक ओळ व्हायची. अशाने शरद काय, पुढचा ईस्टर उजाडला असता, म्हणून ही खरेदी. हेडफोन मात्र त्याने आधीच आणून ठेवले होते, मिंकेला त्रास नको म्हणून.

यात त्याची काही चूक नव्हती. चाळीस वर्षं मिंकेने त्या वाद्याच्या नावाने खडे फोडले होते. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असली की मागच्या खोलीतून तेच ते सूर पायऱ्या चढल्यासारखे वर जायचे आणि तसेच खाली यायचे. ती रेडिओ मोठा करायची, तो दार लावून घ्यायचा. तिला त्याचा वैताग यायचा हे अगदी खरं होतं. आणि फेब्रुवारीपासून घर इतकं शांत झालं होतं की तिला संध्याकाळच नकोशी वाटायची, हेही खरं होतं. हार्मेन मागच्या खोलीत असायचा, पण तो घरात आहे हेच तिला जाणवत नसे. दोनदा ती काही काम नसताना दारातून डोकावून आली होती. पण हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? आम्हा फ्रीजलंड प्रांतातल्या माणसांना तक्रार करायला कुणी शिकवावं लागत नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटते म्हणायची वेळ आली की मात्र जिवावर येतं.

सगळ्यात स्वस्त पेटी दोन सप्तकांची होती, बॅगेत मावेल एवढी. तिच्या पट्ट्या अरुंद होत्या आणि हार्मेनची बोटं टँकरच्या नळ्या ओढून ओढून रुंदावलेली. एका बोटाखाली दोन पट्ट्या सापडू लागल्या. बँडवाले म्हणतील याने वाजवणं सोडलं तेच बरं झालं, असं म्हणत त्याने ती परत ठेवली. मग त्याची नजर लांबलचक, जड पट्ट्यांच्या पेटीकडे गेली. तिथे खुद्द येल्मरनेच त्याला अडवलं. पियानो शिकणाऱ्यांना तसल्या पट्ट्या लागतात, तुम्हाला नुसते सूर टिपायचेत, तो म्हणाला; शिवाय या रंगीत दिव्यांचे आणि फिरक्यांचे पैसे कशाला भरता? आणि हिला टेबल किती लांब लागेल ते बघा. मिंकेने हाताने हवेत मागच्या खोलीतल्या घडीच्या टेबलाचं माप दाखवलं. ती पेटी अर्धी बाहेर लोंबकळली असती.

शेवटी दोन उरल्या, एक काळी आणि एक करडी. दोन्ही तीन सप्तकांच्या, पट्ट्या पुऱ्या रुंदीच्या. ट्यूबाचे, म्हणजे बँडमधल्या सगळ्यात जाड पितळी वाद्याचे, खालचे सूर हवे असतील तर एक बटण दाबायचं, की अख्खी पेटी सप्तकभर खाली उतरायची. हार्मेन ते बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होता.

येल्मरने काळी पेटी दुकानाच्या कम्प्युटरला जोडली आणि हार्मेनच्या कानांवर हेडफोन चढवले. लहानपणी हार्मेन आईच्या पायपेटीवर रविवारची स्तोत्रं वाजवायचा. त्यातलंच एक तो आठवून आठवून वाजवू लागला. वाजवताना काउंटरखाली त्याचे दोन्ही पाय आळीपाळीने भाता मारत होते. हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

मिंके त्याच्या शेजारी कॉफीचा कप घेऊन उभी होती. तिला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. काळ्या पेटीच्या पट्ट्या खाली जायच्या आणि वर यायच्या, बोटं कणकेत रुतावीत तशा. हा माणूस असाच मागच्या खोलीत बसणार, चेहऱ्यावर हे असलं हसू घेऊन, आणि आपण पलीकडे बटाटे सोलत बसणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिने कप खाली ठेवला.

"बघा, किती शांत आहे," येल्मर तिला म्हणाला. "घरात बाळ झोपलं असेल तरी उठणार नाही."

मग त्याने करडी जोडली. हार्मेनने तेच स्तोत्र पुन्हा धरलं. करडीची पट्टी तळाला टेकली की टक् वाजायचं, सुटून वर आली की आणखी एकदा, जरा बारीक. टक्, टक्टक्, मग एक लांब थांबा. दुसरी ओळ लागायच्या आत मिंकेने ते स्तोत्र ओळखलं होतं.

"ही करडी," ती म्हणाली.

हार्मेनने एक कान मोकळा केला. "काय म्हणालीस?"

"ही घेऊ या."

"अगं, ही खडखडते. मला काय, माझे कान झाकलेले. तुलाच त्रास व्हायचा."

"मी कुठे तिथे येऊन बसणार आहे?"

येल्मरला राहवलं नाही. करडीच्या आवाजाची लोक तक्रार करतात, तो म्हणाला, घरातली माणसं तर हमखास. काळीला थोडे जास्त पडतात, पण आपण काळीच सुचवू.

"करडीच्या पट्ट्या टणक आहेत," मिंके म्हणाली. "त्या टिकतील."

ती असं बोलली, जणू आयुष्यभर तिने पेट्याच विकल्या होत्या. हार्मेनने तिच्याकडे पाहिलं, मग दोन्ही चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला.

"आता कळलं. मी म्हणतोय, ही आज संगीतावर इतकं काय बोलतेय. येल्मर, हिने चिठ्ठी आधी वाचली आणि पेटी नंतर पाहिली."

"मग? पैसे काय कालव्यातून वाहून येतात?" मिंके म्हणाली. कंजूष म्हणवून घेणं तिला सोपं वाटलं. येल्मर दोघांकडे बघत राहिला आणि करडी पेटी खोक्यात भरू लागला.

परतीच्या वाटेवर कालव्याचा पूल उचललेला होता. शिडाची एक होडी आरामात चालली होती, आणि हार्मेन गाडी बंद करून मार्चबद्दल बोलत होता. छोटा कर्णा फुंकणारा पुढचा कॉर्नेटवाला वरचा सूर लावतो, पण कुणी त्याच्याकडे बघत नसेल तरच. म्हणून त्या जागी ढोल घालायचा, म्हणजे लोक ढोलाकडे बघतील. बँडमध्ये हॉर्न वाजवणाऱ्या दोघी बहिणी आईचं घर विकल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना दोघींना एकच ओळ द्यायची, म्हणजे निदान वाजवताना तरी एकमेकींचं ऐकावं लागेल. मिंकेला हसू आवरेना. इतक्या महिन्यांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता.

"आणि तुझं वाद्य?" तिने विचारलं. "ते कोण वाजवतं आता?"

"दातांच्या डॉक्टरीणबाई."

"तुझे दात काढले त्याच?"

"त्याच." हार्मेनने स्टिअरिंगवर हात फिरवला. "बऱ्या वाजवतात. वाईट नाही."

इथे 'वाईट नाही' म्हणजे उत्तम, हे मिंकेला कुणी सांगायला नको होतं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पूल खाली आला आणि मागच्या गाडीने हॉर्न दिल्यावर हार्मेनने गाडी सुरू केली.

घरी आल्यावर पेटी जोडण्यात बराच वेळ गेला. लेकीला फोन झाला, तिने सांगितलेलं एकदा उलटं केलं, मग सुलट केलं. मिंके त्यात पडली नाही. ती बटाटे घेऊन स्वयंपाकघरात बसली. रेडिओ तिने लावला नाही.

पहिली टक् आली तेव्हा तिच्या हातातली सुरी थांबली. हार्मेन नुसता चाचपडत होता. मग हळूहळू टकटकीला चाल आली. हे स्तोत्र नव्हतं, तिने कधीच न ऐकलेलं काहीतरी होतं. सूर कळायला मार्ग नव्हता, पण पावलं टाकत चाललेला बँड कळत होता, ढोलाची जागा कळत होती आणि कॉर्नेटचीही. ती बटाटे सोलत राहिली. पाण्याच्या भांड्यात एकेक बटाटा पडत होता, आणि सगळं घर पुन्हा नीट जागच्या जागी बसल्यासारखं तिला वाटत होतं.

एका ठिकाणी मात्र ती अडली. लांब सूर यायचा, म्हणजे पट्टी सुटतानाची बारीक टक् उशिरा यायची, आणि त्याच्या शेवटी एक बारीकशी फट पडायची. पुढच्या ओळीतही तशीच. मिंकेने तो तुकडा तिसऱ्यांदा ऐकला आणि तिच्या लक्षात आलं. त्या फटीत हार्मेन दम घेत होता. फुंकायचं कधीच सुटलं होतं, बोटांनी वाजवायला दम लागत नाही, तरी हा माणूस ओळ संपली की थांबून छाती भरून घेत होता, चाळीस वर्षं त्या खोलीत घेत आला तसाच. तिला एकदम रडू येईल असं वाटलं. टॉवेलला हात पुसत ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

खिडकीच्या काचेत ती दिसली तेव्हा हार्मेनने हेडफोन गळ्यात उतरवले.

"तिथे अजून श्वास घेतोस तू," ती म्हणाली.

"कुठे?"

"लांब सुराच्या शेवटी. मग जरा थांबतोस."

हार्मेनने पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं. "घ्यायलाच हवा. वाजवणाऱ्यांना दम नको लागायला?" असं म्हणून तो पुन्हा पट्ट्यांकडे वळला आणि अर्ध्यात थबकला. "पण तुला कसं कळलं?"

"पट्ट्या वाजतात ना."

"स्वयंपाकघरापर्यंत?"

मिंकेचे हात केव्हाचे कोरडे झाले होते, तरी ती ते पुसत होती.

"मी म्हणत होतो तुला, काळी घेऊ म्हणून," हार्मेन खुर्ची मागे सारत म्हणाला. "थांब, दार लावून घेतो."

"नको."

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"दार राहू दे," मिंके म्हणाली. "उघडंच राहू दे."

हार्मेन खाली बसला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग करड्या पेटीकडे, मग पुन्हा बायकोकडे. मिंके खिडकीच्या कडीकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तोही त्याच गावचा माणूस. त्याने विचारलं नाही.

"आता मधला भाग आहे," तो म्हणाला. "तो अगदी हळुवार लिहिलाय. कानात कुजबुजल्यासारखा."

"बरं," असं म्हणून ती बटाट्यांकडे परत गेली.

हार्मेनने हेडफोन कानांवर चढवले, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि छाती भरून श्वास घेतला. मिंकेने नळ बंद केला. मागच्या खोलीत हळुवार भाग सुरू झाला, आणि हार्मेन त्यातली एकेक पट्टी अशी ठोकत होता की घडीच्या टेबलाचा पाय करकरत होता.