कवडूचा कॉर्नर

श्रावण पांढुर्ण्याचा, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा. पण फुटबॉलमध्ये त्याचा जीव अडकला होता तो सौंसरकडून खेळणाऱ्या कवडूत. कवडू बोरगावचा, वीज मंडळात लाइनमन. पांढुर्णा-सौंसर सामना असला की गावची पोरं श्रावणला आपल्यात बसू देत नसत. कवडूच्या पायात बॉल आला की हा स्वतःचं गाव विसरून उभा राहायचा.

कवडूच्या कॉर्नरची ख्याती दोन्ही गावांत होती. मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला बॉल बाहेर चाललाय असंच वाटायचं, मग हवेतच वळून तो थेट जाळीत शिरायचा. गोलकीपर नुसता बघत राहायचा. हा माणूस निदान हात तरी वर का करत नाही, हे श्रावणला कधी कळलं नाही.

१९८६च्या हिवाळ्यात बातमी आली की कवडूचा गुडघा गेला, रविवारी सौंसरला तो शेवटचा खेळणार. श्रावण दुपारच्या बसने निघाला. वाटेत बस पंक्चर झाली आणि स्टेपनीतही हवा नव्हती. तो धावत मैदानावर पोचला तेव्हा सामना संपून लोक पांगले होते. गवतात हारांच्या पाकळ्या पडल्या होत्या. गोलच्या खांबाला टेकून एकटा कवडू गुडघ्याची पट्टी सोडत बसला होता.

श्रावण जवळ जाऊन उभा राहिला. कुठले म्हणून कवडूनेच विचारलं. मग श्रावणने बसचं सांगितलं, आणि आजवर तुमचा एकही सामना चुकवला नाही हेही.

कवडूने सोडलेली पट्टी पुन्हा आवळली.

"उभे राहा गोलात."

"मी जी? मले नाही येत."

"खेळ पाहाले आले ना? मंग तिथूनच पाहा."

बॉल घेऊन तो लंगडत कोपऱ्यात गेला. पहिला फटका खांबामागून निघून गेला. श्रावणला न जाऊ देता बॉल त्याने स्वतःच आणला, ठेवला, आणि दोन पावलं मागे सरला.

बॉल उठला. बाहेर चालला, श्रावणला वाटलं. आणि घार पंख न हलवता वळते तसा तो वळला, त्याच्याकडेच येत राहिला. श्रावणचे हात खालीच राहिले. आपल्याला हात आहेत हेच त्याला आठवलं नाही. मागे जाळी थरथरली.

कवडू कोपऱ्यात गुडघा धरून खाली बसला होता. चेहरा कळवळलेला, तरी हसत होता. श्रावण धावत जाऊन पायाशी वाकला, तर कवडूने त्याचा हात धरला.

"पाय कायले जी. उठवा मले."

खांद्याचा आधार देत श्रावणने त्याला रस्त्यापर्यंत आणलं, बोरगावच्या बसमध्ये बसवलं.

घरी बायकोने, लीलाबाईने ताट वाढलं आणि कोण जिंकलं म्हणून विचारलं. श्रावणने घास हातातच धरून ठेवला. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.